विहिरीला रक्त लागत नाही

सुरुंगाच्या वाती पेटवून मिस्तरीबाबा कधी पळाले नाहीत. विहिरीच्या तळाशी वाकून ते एकेक वात पेटवत, मग यारीच्या डोलात, म्हणजे दगड वर ओढायच्या चाकाला टांगलेल्या लोखंडी बादलीत, उभे राहत आणि वरच्या गड्यांना हात करत. डोल वर यायचा तो हिंदकळत, सावकाश. काठावर पाय ठेवला की बाकीचे सगळे दगडांच्या बांधामागे धावत सुटत. मिस्तरीबाबा मात्र चालत. काठापासून बांधामागच्या लिंबापर्यंत बहात्तर पावलं होती, मी मोजली आहेत. त्यांनी ती एकदाही साठात संपवली नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शेक्रेटरी, पळनाऱ्याचं ध्यान पायाकडं ऱ्हातं. माझं ध्यान मागं पायजे."

वडवणीहून धारूरकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. तीनशे चाळीस उंबऱ्यांना दिवसाआड दोन टँकर यायचे. म्हणून गावाने सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला सामुदायिक विहीर खोदायला घेतली. चेअरमन गावातले वजनदार गृहस्थ होते, पदाच्या नावाप्रमाणेच खुर्चीत शोभणारे. मी संस्थेचा सेक्रेटरी. वय सव्वीस, लग्नाला एक वर्ष झालेलं, आणि गावात ओळख अशी की हा एकदा मोजतो आणि बरोबर मोजतो. त्या ओळखीचा मला अभिमान होता.

मिस्तरीबाबा गावच्या खालच्या बाजूला राहायचे. तिथे ख्रिस्ती लोकांची अकरा घरं होती. आठवड्याचे सहा दिवस बाबा खडक फोडत आणि रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात उपदेश करत. त्यांच्याकडे कायमचा पाळक नव्हता, तीन-चार महिन्यांतून एखादा बीडहून यायचा. एरवी बाबाच शास्त्र वाचून दाखवत आणि प्रभुभोजनाला येशूच्या रक्ताची खूण म्हणून रसाचा प्याला फिरवत. सुरुंगाचं काम ते बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर शिकले होते आणि अक्षरंही तिथेच, एका मुकादमाकडून. गावातली पोरं त्यांना चिडवत, "काय बाबा, परवा रगत पिलं का न्हाई?" बाबा हसत. "द्राक्षाचा रस असतो बे त्यो. त्योबी हितं मिळत न्हाई, म्हनून मनुके भिजवून काढतो. ये एकदा, तुलाबी देतो घोटभर." पोरं लांब पळत.

आता मोजणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तळाला जितकी भोकं पाडून दारू ठासली असेल तितके बार उडाले पाहिजेत. वाती लहानमोठ्या कापलेल्या असत, म्हणजे बार एकामागून एक उडतील आणि मोजता येतील. एखादा उडाला नाही तर तो खडकात जिवंत राहतो. त्याला बाबा 'मुका' म्हणत. मुका राहिल्याची नुसती शंका आली तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मोजायचे दोघांनी, एक ते आणि दुसरा वरचा माणूस. दोघांचा आकडा जुळला की आधी बाबा एकटेच उतरत, एकेक भोक बोटाने चाचपत, आणि मगच बाकीच्यांना हाक मारत.

तो दुसरा माणूस मी होतो. कामाला लागून महिना झाला असेल, तेव्हा मला एक गोष्ट कळली. बाबा माझा आकडा ऐकल्यावरच आपला सांगत. एकदा मी मुद्दाम बोललोच नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कळलं ना तुमाला? डाव्या कानात कायबी न्हाई राहिलं. उजव्यात थोडं हाय, ते बी रोज कमी व्हतंय. पाय थरथरतो त्याच्यावर मोजतो मी, पन ते पक्कं न्हाई." आणि मग, "कुनाला सांगू नका. ही हीर झाली की सोडतो." मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून दोघांची मोजणी एकट्या माझी झाली. मी डाव्या मुठीत बारांइतके खडे घ्यायचो, आणि एक बार उडाला की एक खडा उजव्या मुठीत. डावी मूठ रिकामी झाली की आकडा ओरडून सांगायचो.

विहीर बावन्न फुटांवर गेली तरी ओल नव्हती. गावात आधीच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या होत्या. लोक काठावर येऊन बसायला लागले. आधी गप्पा मारत, मग नुसते खाली बघत. एका म्हातारीने पहिल्यांदा म्हटलं, की हिला काहीतरी पाहिजे. कुणी म्हणालं बोकड. कुणी म्हणालं, आपल्या आज्याच्या काळात बोकडावर भागत नव्हतं. हे म्हणणारा हसत होता, पण ऐकणाऱ्यांतलं कुणी हसलं नाही. तो माणसाच्या बळीबद्दल बोलतोय हे सगळ्यांना कळलं होतं. माणसं वाईट नव्हती. माझीच माणसं होती. पण तहानेने सगळ्यांचे डोळे एकसारखे दिसायला लागले होते.

दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना मी बाबांना विचारलं, "तुमच्या शास्त्रातही रक्ताचंच आहे ना सगळं? मग तुम्ही या लोकांना काय सांगणार?"

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "हाय की. लई रक्त हाय. वाचताना माझंबी अंग शहारतं. पन बगा, रक्त म्हंजी काय? ह्ये लोक म्हनत्यात रक्त म्हंजी देवाचं खानं. आमच्यात तसं न्हाई. रक्तात जीव असतो, अन् जीव देवाचा. म्हनून रक्त खायचंच न्हाई, असं शास्त्रातल्या जुन्या लोकांना सांगितलेलं व्हतं. देवाला भूक न्हाई. त्यानंच ते येदीवर दिलं, मानसाचं पाप झाकाया."

"मग जनावर कापायचं कशाला?"

"मानसाला कळावं म्हनून. कापायच्या आधी त्याच्या डोस्क्यावर हात ठिवायचा. नुसता न्हाई, भार देऊन. त्याचं ऊन अंग हाताला लागंस्तवर. ह्यानं काय केलेलं न्हाई, मी केलंय, अन् ह्यो चाललाय. ह्ये हाताला कळलं पायजे." त्यांनी आपला तळवा माझ्या गुडघ्यावर दाबला. जड हात होता. "वर्सातून एक दिवस दोन बोकड आनायचे. एकाला कापायचं. दुसऱ्याच्या डोस्क्यावर हात ठिवून समद्यांची पापं बोलायची अन् त्याला वाळवंटात सोडून द्यायचं. त्यो समदं घेऊन जायचा."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुन्ना. दर साली पुन्ना. कारन बोकडानं कुठं पाप जातं? ती नुसती निशानी व्हती." त्यांनी हात माझ्या गुडघ्यावरून उचलला. "मग येशूनं सोताला दिलं. देवानं मागितलं अन् मानसानं दिलं असं न्हवं. देनारा त्योच. एकदाच. त्याच्या मागं कुन्या देवाला, कुन्या हिरीला, कुन्या मानसाला रक्त मागायचा हक राहिला न्हाई."

मी सरळ म्हणालो, "बाबा, केलं एकाने आणि मेला दुसराच, हे मला पटत नाही. हे बरोबर बसत नाही."

"मलाबी बसवता येत न्हाई," बाबा म्हणाले. "भ्या वाटतं. भ्या वाटावं असंच हाय ते."

चार दिवसांनी चेअरमननी काठावर बोकड द्यायचं ठरवलं. बाबांनी विरोध केला नाही. "ज्याचा त्याचा देव," म्हणाले. "फकस्त एक. माझी मोजनी व्हईस्तवर हलगी नको." चेअरमन म्हणाले, "बरं बुवा, नाही वाजणार." बोकड लिंबाला बांधलं होतं आणि अर्धं गाव बांधामागे जमलं होतं. त्या दिवशी चौदा भोकं होती. मी चौदा खडे घेतले, आणि बाबा चालत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले.

पहिले पाच बार स्वच्छ उडाले. सहाव्याला लोकांनी आरोळी दिली, आणि ती आरोळी म्हणजे इशाराच समजून हलगीवाल्याने हलगीला हात घातला. मी ओरडून थांबवायला हवं होतं. मी मोजत राहिलो. समोरच्या डोंगरावरून प्रत्येक बाराचा आवाज परत येत होता, वर हलगी, आणि मधले दोन बार जवळजवळ एकत्र उडाल्यासारखे वाटले. सगळं शांत झालं तेव्हा माझ्या डाव्या मुठीत एक खडा होता.

एक खडा उरला, याचा अर्थ तेरा. पण मला वाटलं, ते दोन बार एकत्र उडाले तेव्हा मी दोनाऐवजी एकच खडा हलवला असेन. असेनही. मला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यात चेअरमननी बांधामागून विचारलं, "काय सेक्रेटरी, झालं का?" सगळे माझ्याकडे बघत होते. बाबाही बघत होते, माझ्या ओठांकडे. 'नक्की नाही' म्हटलं तर काम उद्यावर जाणार, बोकड तसंच उभं राहणार, आणि माझी मोजणी चुकली हे गावाला कळणार. मी तो खडा मातीत टाकला आणि म्हणालो, "चौदा."

तळातला एक दगड वर आणून त्याला शेंदूर लावायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. बाबा डोलाकडे निघाले होते, पण चेअरमननी रंगनाथला हाक मारली, "ए रंग्या, पळ, पूजेला दगड आण." रंगनाथ यारीवरचा गडी, माझ्याच वयाचा. त्याचं लग्न त्याच साली झालं होतं. तो दोर धरून माकडासारखा उतरला. बाबांनी हात वर करून काहीतरी म्हटलं, पण हलगी पुन्हा सुरू झाली होती. खालून पहारीचे दोन ठोके ऐकू आले. तिसरा ठोका आणि बार एकच झाला.

रंगनाथला डोलात घालून वर काढलं तेव्हा त्याचा डावा हात मनगटापासून नव्हता आणि डावा डोळाही गेला होता. तो शुद्धीवर होता. "पानी, पानी," म्हणत होता. आम्हाला वाटलं प्यायला मागतोय. मग कुणीतरी खाली बघितलं. जिथे मुका बार फुटला होता तिथून पाणी वर येत होतं, मनगटाएवढी धार, आणि ते लाल होतं. लोक रडत होते आणि त्याच तोंडाने ओरडत होते, "लागलं! पानी लागलं!" रंगनाथला जीपमध्ये घालून बीडला नेलं. माझ्या मागे ती म्हातारी शांतपणे म्हणाली, "हिरीतल्या आईनं आपलं आपुन घेतलं." कुणीतरी जाऊन बोकडाचा दोर सोडला. आता त्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलीस आले. मोजणी कोणाची, हा पहिलाच प्रश्न होता. मी संस्थेच्या वहीची पानं उलटू लागलो. बाबा पुढे झाले. "जिम्मा माझा. बार माझे, परवाना माझा. मला नीट ऐकू येत न्हाई, साहेब. वर्सभर येत न्हाई. अशा मानसानं हे काम करायचं न्हवतं." त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. फक्त जे सांगितलं त्याने साहेबांचं समाधान झालं आणि पुढचा प्रश्न आलाच नाही. बाबांचा परवाना गेला, तालुक्याला बरेच खेटे पडले, आणि पुन्हा सुरुंगाला हात लावायचा नाही असं लिहून द्यावं लागलं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी खालच्या बाजूला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी मोठ्याने म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं." ते म्हणाले, "पंचनाम्याच्या येळी तुमच्या तोंडावरच व्हतं." मी म्हणालो, "मग का घेतलंत अंगावर? त्या वाळवंटातल्या बोकडासारखं?"

त्यांना मी पहिल्यांदा रागावलेलं बघितलं. "तसलं कायबी माझ्यावर घालू नका! ते काम ज्याचं त्यानं केलंय. मी काय कुनाचं पाप न्हेनारा? माझा कान गेलता अन् मी लपवलं, ते माझं. तुमचं तुमच्याकडंच हाय. लोक त्या दिवशी येडे झालते, म्हनून तुमाला उलिसा येळ दिला. बास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रंगनाथला सांगा. बरा झाला की सांगा."

रंगनाथ बरा झाला, पण मी सांगितलं नाही. खरं लिहायचं तर मला सांगायची गरजच पडली नाही. गावाने आपला निकाल लावला होता: विहिरीने रक्त घेतलं आणि पाणी दिलं, यात कुणाचीच चूक नाही. हा निकाल मला फार सोयीचा होता. मी एरवी नवस-सायास न मानणारा माणूस, पण त्या एका गोष्टीत मी गप्प राहून गावाची समजूत पाळत होतो. विहिरीने मागितलं असेल तर मी चुकलो नव्हतो. दर वर्षी त्या दिवशी काठावर बोकड पडू लागलं. रंगनाथला नवं धोतर नेसवून काठावर बसवायचे, कपाळाला शेंदूर लावायचे, बाया पाया पडायच्या. पहिला घास त्याचा. त्याला आधी लाज वाटायची, मग सवय झाली. एका हाताच्या माणसाला दुसरा मान कुठे मिळणार होता?

बाबा तोवर पूर्ण बहिरे झाले. ते गिरणीच्या दगडांना टाकी लावायचं काम करत, छिन्नी-हातोडी घेऊन गावोगाव जात. रस्त्यात मी दिसलो की थांबत, माझ्या तोंडाकडे बघत, मी काही बोलतोय का याची वाट बघत, आणि मग पुढे चालू लागत. अकरा वर्षं.

अकराव्या वर्षी पुन्हा पाऊस गेला. पंप आधी तीन तास चालायचा, मग एक, मग वीस मिनिटं. काठावर लोक पुन्हा येऊन बसू लागले. त्या वर्षी दोन बोकडं द्यायचं ठरलं. आणि एके सकाळी चहाच्या टपरीवर मी ऐकलं. दोघं-तिघं बसले होते. एक जण बशी फुंकत म्हणाला, "आरं, तिनं त्याला अर्धाच खाल्लाय. अर्धा ताटात सोडलाय. मंग ती रुसनार न्हाई तर काय?" दुसरा म्हणाला, "गप बे, कायबी बोलतो." पण तो हसत होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

दोन दिवसांनी रंगनाथची बायको सुमन माझ्या घरी आली. तिच्या दारात कुणीतरी हळदी-कुंकवाचं रिंगण काढून त्यात लिंबू ठेवलं होतं. "भाऊजी, ह्ये घराबाहेर पडना झालेत. चेअरमन म्हनत्यात, औंदा पूजेला ह्यांना काठावर न्हाई, तळात बसवायचं. जिथं बार फुटला त्या दगडावर. म्हनत्यात पाच मिन्टं, लोकांचं समाधान. भाऊजी, खाली उतरवल्यावर वर कोन काढनार, तुमी सांगता का?" मी चेअरमनांकडे गेलो. ते वैतागले. "सेक्रेटरी, माणूस मारतंय का कोणी? पूजा आहे. पाच मिनिटं बसेल, वर येईल." त्यांना खरंच तसंच वाटत होतं. पण टपरीवरचे ते दोघं-तिघंच त्या दिवशी यारीवर असणार होते, हे मला दिसत होतं.

तिथून मी सरळ बाबांकडे गेलो. त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागायचं. मी सगळं लिहिलं, तीनदा पाटी पुसून. त्यांनी ती गुडघ्यावर धरून वाचली. शेवटचं वाचून झालं तशी ती त्यांनी पालथी घातली. मी त्या माणसाला पेटत्या वातींपासून चालत येताना बघितलं होतं, आणि आता ते घाबरले होते.

"शेक्रेटरी," ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज जसा वेडावाकडा चढतो तसा त्यांचा चढला, "मी तुमाला येळ दिलता. तुमी त्यो रंगनाथच्या डोस्क्यावर हात ठिवाया वापरला. अकरा वर्सं भार देऊन उभं हायसा तुमी. अन् आता त्याला वाळवंटात सोडाया निघाले लोक."

मी लिहिलं, 'मला भीती वाटते.'

"वाटू द्या. पन आता दुसरं कुनी जानार न्हाई. ना बोकड, ना मानूस. जे व्हायचं व्हतं ते येकदा होऊन गेलं, म्हनूनच तुमाला तोंड उघडता येतंय. माफी मिळावी म्हनून न्हवं. मिळालीय म्हनून बोला."

मी ख्रिस्ती नाही, आणि त्या वाक्यातलं सगळं मला पटलं असंही म्हणत नाही. पण दुसरं काही धरायला माझ्याकडे नव्हतं.

पूजेच्या दिवशी सकाळी नऊला गाव जमलं. रंगनाथला नवं धोतर नेसवलं होतं. त्याला डोलापर्यंत आणलं तेव्हा तो एका हाताने डोलाची कडी धरून उभा राहिला, चढेना. सुमन रडत होती. मी पुढे गेलो. मी म्हणालो, "हिला रक्त लागलं म्हणून पाणी आलं नाही. चौदावा बार फुटला म्हणून आलं. त्या दिवशी तेराच उडाले होते. मला शंका होती, आणि मी चौदा म्हणालो. मिस्तरीबाबांना तेव्हाच ऐकू येत नव्हतं. मोजणी माझी होती."

मग चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी, अकरा वर्षांनी आठवलं व्हय?" थोडे लोक हसले. मी म्हणालो, "रोज आठवत होतं."

रंगनाथ माझ्याकडे वळला. शेंदूर घामाने त्याच्या चांगल्या डोळ्यात उतरत होता. "म्हंजी तिनं मला निवडलं न्हवतं?"

"नाही."

"देवाचं कायबी न्हाई माझ्यात?"

"नाही. माझी चूक आहे फक्त."

त्याने धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं, पुन्हा पुसलं, शेंदूर निघेपर्यंत घासलं. मग मला एक शिवी दिली, आईवरून, सगळ्यांसमोर. मी ती घेतली. चेअरमन म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पण पूजेचं काय? लोक खोळंबलेत." रंगनाथ म्हणाला, "तुमी बसा की खाली, चेअरमनसाहेब. तुमाला तर दोन हात हायत." कुणीतरी मागे फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि तो हसणारा टपरीवरचाच होता. मिस्तरीबाबा गर्दीतून आले. एक शब्दही त्यांना ऐकू आला नव्हता. त्यांनी रंगनाथचं बोट न बोट कडीवरून सोडवलं, त्याला दंडाला धरलं आणि घराकडे चालवत नेलं. सावकाश, त्यांच्या त्याच चालीने.

बोकडं पडलीच, काठावर, नेहमीसारखी. पाणी वाढलं नाही. टँकर पुढच्या पावसापर्यंत येत राहिले. मी सेक्रेटरीपद सोडलं, म्हणजे सोडायला लावलं. गावात दोन वर्षं मला 'तेरा' म्हणत. दारातलं लिंबू मात्र पुन्हा कुणी ठेवलं नाही.

त्या हिवाळ्यात बाबा खाटेला लागले. मी गेलो तेव्हा मला शाबासकीची आशा होती, हे लपवत नाही. ते म्हणाले, "उशीर केला." मी पाटीवर लिहिलं, 'आता मला माफी आहे का?' त्यांनी ते वाचलं आणि पाटी माझ्याकडे परत सरकवली. "वरची कवाच हाय. मी सांगितलं तुमाला. खालची रंगनाथकडं हाय. ती मला देता येत न्हाई अन् तुमाला मागता येत न्हाई. नुसतं त्याच्या दारात जात जा." पंधरा दिवसांनी ते गेले. गावातली चाळीस माणसं खालच्या बाजूला आली होती, त्यात मी होतो. रंगनाथ पुढे होता, एका हाताने खांदा देत. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

बाबांनी सांगितलं म्हणून मी दर बाजाराला त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. सुमन पाणी द्यायची. तो आत असायचा, माझ्याशी बोलायचा नाही, आणि मी परत फिरायचो. असे एकोणतीस बाजार झाले. तिसाव्याला तो स्वतः बाहेर आला, रिकामी पिशवी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "नुसतं उभं कावून ऱ्हाता? वडवणीला चला. येताना पिशवी जड असती, अन् मला हात बदलता येत न्हाई."

आता आम्ही दर बाजाराला बरोबर जातो. बोलणं फारसं होत नाही. भाजी त्याने घ्यायची, भाव त्याने करायचा, पिशवी मी धरायची. वाटेने तो मला नेहमी आपल्या उजव्या बाजूला ठेवतो, जिकडे त्याला दिसतं. विश्वास बसला म्हणून की अजून बसला नाही म्हणून, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायची मला अजून भीती वाटते. मी त्या बाजूने चालतो.